समुद्रसपाटीवरून थेट सरचू : मनाली-लेह सायकलने, मधे एक तुकडा पिकअपने

बर्फवाला_हर्णै
मंडळी, लेहहून येऊन महिना झाला, वृत्तांत कधी टाकतोस म्हणून तिघाचौघांनी मागे लागून डोकं खाल्लं, तर आज बसलोच. फॅक्टरीत लाईट नाहीये, मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखनवाल्यांनी आधीच माफ करावं.

माहीत नसलेल्यांसाठी, माझी हर्णैला बर्फाची फॅक्टरी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे आमचाही धंदा झोपलेला. म्हणजे वर्षात सुट्टी म्हणून काय ती हीच. आयुष्यभर बर्फ विकला, एकदा फुकटचा बघून येऊ असं म्हणत मी आणि शाळेपासूनचा मित्र (त्याला इथे बाळ्या म्हणतो, तो इथे आहे पण गप्प वाचत असतो) दोघंच निघालो. रत्नागिरीहून गोवा संपर्क क्रांतीने चंदीगड, सायकली खोक्यात, पुढे बसने मनाली. खोकं पॅक करणाऱ्या दुकानदाराने मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढलाच नव्हता, तो हँगरसकट (ज्या पट्टीवर तो लटकतो ती) आत वाकलेला, मनालीत पहिला अख्खा दिवस तो सरळ करण्यात गेला. स्पेअर हँगर न्या हो, पन्नास ग्रॅमची वस्तू आहे आणि वाटेत कुठ्ठे मिळत नाही.

तयारी म्हणाल तर आठ महिने केळशी-आंजर्ले-हर्णै-दाभोळ, आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट. पायांची चिंता नव्हतीच. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ ज्याने सामानासकट मारलाय त्याला मनाली-लेहचा कुठलाच चढ पायाला जड जाणार नाही, हे लिहून घ्या. आपले सागरी महामार्गाचे चढ छोटे पण उभे, प्रत्येक खाडीला खाली उतरा परत वर चढा. तिकडचे चढ मिलिटरीच्या ट्रकसाठी काढलेले, लोळत लोळत जातात, पण तीस तीस किलोमीटर संपत नाहीत.

पण पायाचा प्रश्नच नव्हता ना. प्रश्न निघाला तिकिटाचा, ते पुढच्या पोस्टमधे. लाईट आली.

आबलोलीचा_घाटवेडा
आता हे काय, तिकिटावर आणून सोडलंत! गिअर काय होते ते तरी सांगा. माझी हायब्रिड आहे, पुढच्या चक्रांचे दात ४८-३८-२८, मागच्या सर्वात मोठ्याचे ३२. जमेल का?

बर्फवाला_हर्णै
@घाटवेडा जमेल. माझी एमटीबी (डोंगरी सायकल), पुढे सर्वात छोटं २२ आणि मागे ३४. वर गेल्यावर ताशी पाच-सहाने जायचं असतं, लाज सोडून. टायर मात्र निदान १.७५ इंची ठेव, बारालाचाच्या (वाटेतली एक खिंड) आसपास आणि पांगच्या अलीकडे रस्ता कधी आहे कधी नाही.

हां, आणि हवा. इथे घरी ४० पीएसआय भरून नेलीत तर पाच हजार मीटरवर गेज ४७ च्या आसपास दाखवेल, कारण बाहेरचा दाब निम्म्यावर आलेला असतो. मला ते माहीत नव्हतं, मला वाटलं गेज बिघडला.

तिरफळ
माका एक सांगा, थय जेवूक काय गावता? उकडो भात नाय गावलो तर मी चार दिसात आडवो होतलंय.

बर्फवाला_हर्णै
तिरफळभाऊ, भात विसरा. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतं, नुसत्या पातेल्यात डाळ दोन तास ठेवलीत तरी दाताखाली येते. ढाब्यावाल्यांकडे कुकर असतो म्हणून राजमा-चावल मिळतो, नाहीतर मॅगी, ऑम्लेट, आणि परत मॅगी.

आमची एकच गोष्ट तिकडे हिट झाली, कुळथाची पिठी. बायकोने दोन किलो बांधून दिली होती, मी कुरकुरत घेतली. भाजून दळलेलं पीठ, त्यामुळे त्याला उकळीची गरज फार लागतच नाही, आमसूल टाकलं, मीठ, लसूण ठेचून, पाच मिनिटात गरमागरम. झिंगझिंगबारला तंबूवाल्या बाईने एक वाटी चाखली आणि स्टीलच्या डब्यात थोडं पीठ मागून घेतलं. नाचणीचे लाडू मात्र थंडीत असे दगड झाले की बाळ्याने एक मल्टिटूलने फोडला.

आता तिकीट. आमचं परतीचं चंदीगडहून २७ जुलैचं कन्फर्म होतं, कारण १ ऑगस्टला होड्या सुटतात आणि त्या दिवशी फॅक्टरीत बर्फ तयार नसेल तर वर्षाची गिऱ्हाईकं जातात. कागदावर प्लॅन झकास होता. मनाली (२,०५० मी.) दोन रात्री, मढी एक रात्र, रोहतांग (३,९७८ मी.) चढून पलीकडे सिस्सू, मग जिस्पा, आणि जिस्पात एक पूर्ण दिवस आराम. हे मुद्दाम सांगतोय.

मढीला पाऊस लागला. आपल्याकडचा जुलै बघितलेल्या माणसाला त्या पावसाचं काही वाटू नये खरंतर, पण तिकडे पाऊस म्हणजे डोंगर खाली येतो. दोन दिवस एका शेडमधे बसून काढले. तिसऱ्या दिवशी रोहतांग, वर धुकं, दहा फुटांवरचं दिसेना. कोकसरला उतरलो आणि एकदम सगळं कोरडं. एका खिंडीच्या अलीकडे आंबोली आणि पलीकडे खटाव-माण, असं. तांडीला चंद्रा आणि भागा मिळतात. दोन्ही बारालाचाच्याच अंगाखांद्यावरून निघतात, एक इकडून एक तिकडून, अख्ख्या डोंगराला वळसा घालून शेवटी परत भेटतात आणि पुढे तीच चिनाब. तिथे शेवटचा पेट्रोलपंप, पुढचा ३६५ किलोमीटरवर अशी पाटी. तिच्यापुढे सायकल लावून फोटो काढला, सगळेच काढतात.

मग जिस्पात रात्री हिशोब मांडला, दोन दिवस गेलेले, तर कुठून भरून काढायचे? मी म्हटलं आरामाचा दिवस काढून टाकू, बरं वाटतंय ना आपल्याला. बाळ्या म्हणाला तू म्हणशील तसं, आणि दुसऱ्या दिवशी थेट झिंगझिंगबार गाठलं. आराम काढून टाकायचं मी म्हटलं होतं, त्याने नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

डॉक्टरीणबाई_गुहागर
इथेच थांबवते तुम्हाला. जिस्पा ३,२०० आणि झिंगझिंगबार ४,२७० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरने वर नेलीत. तीन हजारांच्या वर गेल्यावर रोज झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा साधा नियम आहे. दिवसा वर चढून या, हरकत नाही, झोपायला खाली. आणि 'बरं वाटतंय' याला काही अर्थ नसतो हो, त्रास सुरू व्हायलाच सहा ते बारा तास लागतात, म्हणजे तो रात्रीच होतो.

एक गैरसमज पण काढून टाका. वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी नसतं, २१ टक्केच असतो. दाब कमी असतो, म्हणून श्वासागणिक आत कमी जातो. त्यामुळे 'मी कोकणातल्या शुद्ध हवेत वाढलोय' याचा काडीचा उपयोग नाही. मॅरेथॉनवाला आणि रोज मशेरी लावणारा, दोघांना सारखाच होऊ शकतो. उलट फिट माणूस जोरात चढतो म्हणून जास्त अडकतो.

बर्फवाला_हर्णै
डॉक्टरताई, तुम्ही हे मे महिन्यात का नाही लिहिलंत!

बरोबर आहे तुमचं. झिंगझिंगबारला बाळ्याचं डोकं दुखत होतं, मला म्हणाला ऊन लागलं असेल. सकाळी पाचला निघालो, कारण पुढचे नाले सकाळीच ओलांडायचे, दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं. आपल्या भरती-ओहोटीसारखंच, फक्त वेळापत्रक सूर्याचं. एका नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं, त्यातून सायकल ढकलत गेलो, दोन मिनिटांत पाय आहेत की नाहीत तेच कळेना. बर्फवाला असून सांगतोय.

सूरजताल, मग बारालाचा, ४,८९० मीटर. वर झेंडे, वारा, आणि मी वेड्यासारखा नाचतोय. बाळ्या सायकल आडवी टाकून एका दगडावर बसलेला, फोटोत हसतोय पण आता तो फोटो मोठा करून बघितला तर ओठ निळसर दिसतात. तेव्हा दिसले नाहीत. दिसायला बघावं लागतं.

उतरून सरचू. ४,२९० च्या आसपास. संध्याकाळी त्याने जेवण नको म्हटलं. रात्री दोनदा उलटी. साडेअकराला तो तंबूबाहेर जायला उठला आणि तंबूची दोरी सोडून भलतीकडेच चालायला लागला, मी हाक मारली तर म्हणतो 'होडी बांधलीस का?' मला आधी वाटलं चेष्टा करतोय.

चिपळूणची_ताई
अरे देवा. अंगावर काटा आला. मग?

बर्फवाला_हर्णै
मग सरचू काय चीज आहे ते कळलं. नकाशावर बघा. माणूस आजारी पडला की खाली न्या, बरोबर? सरचूहून खाली जाताच येत नाही. मागे जायचं तर बारालाचा ४,८९० चढून, पुढे जायचं तर गाटा लूप्सचा वळणावळणांचा चढ, नकी ला आणि मग ५,०५९ चा लाचुलुंग ला. दोन्हीकडून दार बंद. मी त्याला सरचूचा खड्डा म्हणतो. आपली विहीर असते ना, आत उतरलो तर बाहेर यायला आधी वरच चढावं लागतं, तसं.

कॅम्पवाला पोरगा पंचवीसेक वर्षांचा, लाहौलचा. त्याने बाळ्याला एका सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगितलं, बाळ्या तिसऱ्या पावलाला कलंडला. पोरगा मला म्हणाला, सकाळची वाट बघायची नाही. त्याच्याकडे ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता तो लावला, चुलत्याला उठवला, पिकअपच्या मागे गादी टाकली आणि रात्री सव्वा वाजता निघालो. मी मागे बाळ्याचं डोकं मांडीवर घेऊन. वीस-एक तासांपूर्वी ज्या खिंडीत नाचलो होतो तिथून हेडलाईटमधे परत गेलो. नाल्यांना पाणी कमी होतं, तेवढं नशीब. पहाटे केलाँगच्या सरकारी दवाखान्यात. दारचापर्यंत आलो तेव्हाच तो म्हणाला 'गाडी हळू चालवायला सांग रे', आणि मला कळलं की परत आला माणूस.

डॉक्टरीणबाई_गुहागर
त्या पोराला माझा नमस्कार सांगा. तुमचा मित्र बोलत होता त्यावरून आणि चालण्यावरून हे मेंदूला सूज येण्याच्या दिशेने चाललं होतं. तोल जाणं आणि असंबद्ध बोलणं, यापैकी काहीही दिसलं की त्याच क्षणी खाली. ऑक्सिजन, गोळ्या हे सगळं खाली न्यायला वेळ मिळावा म्हणून, खाली न्यायच्या ऐवजी नाही. आणि माणसाला एकटं झोपू द्यायचं नाही.

डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास टाळायची गोळी) तिघांनी व्यनि (खासगी निरोप) केलाय म्हणून इथेच लिहिते. चढायच्या आदल्या दिवसापासून १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, असं साधारण देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोडा बेचव लागतो. आणि ती घेतली म्हणून एका दिवसात हजार मीटर चढायचा परवाना मिळत नाही.

काटेकोर_काका
वृत्तांत उत्तम. एक दुरुस्ती. पुढे कुणी 'खारदुंग ला खिंड' लिहायच्या आधीच सांगतो, तिबेटी-लडाखीत 'ला' म्हणजेच खिंड. 'बारालाचा ला खिंड' हे 'पिवळा पितांबर' झालं.

तिरफळ
काका, माणूस मरता मरता वाचलो आणि तुमका पितांबर सुचता!

रायडर_७७
वाचून वाईट वाटलं, मित्र बरा आहे ना? पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. शीर्षकात तुम्ही मनाली-लेह सायकलने लिहिलंय. पिकअप वापरलीत तर ती राईड पूर्ण झाली असं धरायचं का? आमच्या ग्रुपमधे असं धरत नाहीत.

बर्फवाला_हर्णै
राग कसला. शीर्षक नीट वाच की भावा, 'मधे एक तुकडा पिकअपने' हे शीर्षकातच आहे, कॉलर धरायला जागाच ठेवलेली नाही. हिशोब पण देतो. बारालाचा मी एकदा सायकलने चढलो आणि दोनदा पिकअपने ओलांडला. केलाँगला तीन रात्री काढल्या, बाळ्या बोगद्यातून मनालीला आणि तिथून घरी गेला, त्याचा भाऊ घ्यायला आला होता. अटल बोगदा २०२० मधे झाला म्हणून हे तासा-दोन तासात झालं, नाहीतर रोहतांग परत ओलांडावा लागला असता. मी त्याच चुलत्याच्या पिकअपने सरचूला परत गेलो, सायकली तिथेच होत्या, आणि तिथून पुढे एकटा. सायकलची चाकं लागली नाहीत असा रस्त्याचा एक मीटर नाही. तरी तुझ्या ग्रुपने नाही धरलं तरी चालेल.

खरं सांगू का, पिकअपने परत जाताना सगळ्यात जास्त भीती वाटली. सायकलवर असताना चढायच्या नादात काही दिसत नाही.

आबलोलीचा_घाटवेडा
@रायडर_७७ राहू दे ना यार. बर्फवाले, पुढचं लिहा. एकट्याने गाटा लूप्स कसे गेले? तिथे भूत आहे म्हणतात.

बर्फवाला_हर्णै
२१ वळणं, ४,२०० च्या आसपासपासून ४,६६७ पर्यंत. चढ अगदी सौम्य. प्रत्येक वळणाला खाली बघितलं की आधीची वळणं दिसतात आणि वाटतं आपण कुठे गेलोच नाही. भुताचं असं, की कुणी ट्रकचा क्लीनर बर्फात अडकून तहानेने गेला अशी गोष्ट सांगतात, म्हणून तिथे पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे, सिगारेटी पण ठेवतात. आपल्या आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात, राखणदाराला वाट मागतात, तेच सगळं. मी पण अर्धी बाटली ठेवली. नारळ असता तर नारळ ठेवला असता.

नकी ला, लाचुलुंग ला, मग पांग, तिथे एक दिवस जास्त थांबलो, मुद्दाम, नुसता झोपलो. २७ तारीख तोवर गेलीच होती. म्हणजे ज्या तिकिटासाठी जिस्पाचा दिवस वाचवला ते तिकीट मी केलाँगमधे बसून रद्द केलं. बायकोला फोन केला तर म्हणाली, 'कॉम्प्रेसर मला चालू करता येतो, तुम्ही या सावकाश.' एकोणीस वर्षं लग्नाला झाली, तिला तो चालू करता येतो हे मला माहीत नव्हतं.

मोरे मैदान म्हणजे चाळीस किलोमीटर टेबलासारखं सपाट, ४,७०० वर, डांबर मस्त. सकाळी वाटलं दोन तासांत उडवतो. अकराला समोरून वारा सुटला तो असा की उतारावर पण पॅडल मारावं लागेल. वाऱ्याची सवय हर्णैवाल्याला असते, पण आपल्या वाऱ्याला वास असतो, मासळीचा म्हणा, पावसाचा म्हणा. त्या वाऱ्याला कसलाच वास नाही. ते मला जास्त लागलं.

तांगलांग ला ५,३२८ मी., डेब्रिंगकडून वीसेक किलोमीटर चढ, पाच तास. शंभर पॅडल मारायची, थांबायचं, वीस श्वास, परत शंभर. वर पाणी प्यायलो, रिकामी बाटली झाकण लावून बॅगेत टाकली. रुमत्से, ग्या करत उपशीला सिंधूकाठी पोचलो, बाटली काढली तर चेपलेली. घरी हर्णैत आली तेव्हा पार चिंबून हातात मावेल एवढी झालीय, वरची हवा आत तशीच. झाकण उघडलेलं नाहीये, फॅक्टरीत मीटरच्या वर ठेवलीय.

लेहमधे तीन दिवस थांबून सामान न घेता खारदुंग ला. लेहपासून चाळीसेक किलोमीटर, साऊथ पुल्लूपर्यंत रस्ता छान. जुन्या पाट्यांवर १८,३८० फूट लिहायचे, जीपीएसवर ५,३५९ मीटरच भरतं, म्हणजे साडेसतरा हजारावर थोडं. आणि हो, जगातला सर्वात उंच वगैरे नाही तो, उमलिंग ला १९,०२४ फूट आहे. काका, 'खिंड' लिहिलेलं नाही, बघा.

काटेकोर_काका
बघितलं. आभारी आहे. मात्र 'मोरे' मैदान काही ठिकाणी 'मूर' असंही लिहिलेलं दिसतं.

चिपळूणची_ताई
दादा, बायकांना एकटीने जमेल का हा रूट? राहण्याचं विचारतेय. आणि खाऱ्या हवेने माझी चेन दर पावसाळ्यात गंजते, तिकडे कुठलं तेल?

बर्फवाला_हर्णै
ताई, दोन मुली भेटल्या, एक पुण्याची आणि एक बंगळूरची, दोघी वेगवेगळ्या एकट्या. तंबूंमधे एका रांगेत गाद्या असतात, ढाबे बऱ्याच ठिकाणी बायकाच चालवतात, त्या स्वतःच्या बाजूला झोपायला घेतात. तेल इथलं घट्ट वालं नेऊ नका, तिकडची धूळ त्यावर बसून पिठलं होतं. ड्राय ल्युब न्या, रोज फडक्याने पुसा. गंज तिकडे अजिबात नाही. माझी सायकल आठ महिन्यांत पहिल्यांदा चकचकीत दिसली आणि परत हर्णैत येऊन पंधरा दिवसांत बोल्ट लाल.

ब्रेकचे पॅड दोन जोड्या. रोहतांग उतरतानाच पावसात माझे अर्धे झाले.

केलाँग_रिटर्न
नमस्कार. नवीन आयडी आहे, आजच काढला. मीच बाळ्या.

दोन गोष्टी. एक, 'होडी बांधलीस का' हे मी म्हटलेलं मला आठवत नाही, पण हा गेले महिनाभर बंदरावर सगळ्यांना सांगत सुटलाय, आता पोरंटोरं मला तेच विचारतात. दोन, जिस्पाला आराम रद्द करायचा हे त्याने म्हटलं हे खरं, पण झिंगझिंगबारला डोकं दुखतंय ते मी लपवलं. ऊन लागलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं. रात्रभर झोप नव्हती. त्याच्या तिकिटाचं टेन्शन मला पण होतं.

तब्येत चांगली आहे. डॉक्टरताई, परत जाता येईल का मला? खरंच विचारतोय.

डॉक्टरीणबाई_गुहागर
ज्याला एकदा झालंय त्याला पुन्हा व्हायची शक्यता जास्त, हे डोक्यात ठेवून. पण जाता येतं, हळू चढलात तर. आधी प्रत्यक्ष येऊन तपासून घ्या, धाग्यावर परवानगी देत नाही मी. आणि डोकं दुखलं तर सांगा हो.

बर्फवाला_हर्णै
अरे तू लपवलंस?? महिनाभर मी झोपलो नाहीये नीट.

दुकानावर येतोयस का संध्याकाळी?

केलाँग_रिटर्न
येतो. वडापाव तुझ्याकडून.

आबलोलीचा_घाटवेडा
बरं ते तुमचं मिटवा. रविवारी कुंभार्ली करतोय, साडेपाचला पोफळीत, पाऊस असला तरी. कोण कोण? बाळ्याशेठ, तुम्ही मागून या, वर चहाला थांबतो.

केलाँग_रिटर्न
मी पुढे असेन. किती मीटर आहे रे वर?

काटेकोर_काका
'घाटमाथ्याची उंची किती', असं विचारा.